देहातले पाटपाणी

चिनी भाषेत डोंगराच्या उन्हाच्या बाजूला ‘यांग’ म्हणतात आणि सावलीच्या बाजूला ‘यिन’. मुळात अर्थ एवढाच. पुढे या दोन शब्दांवर तत्त्वज्ञानाचे इमले चढले, पण पाया असा साधा, गुराख्यालाही कळावा असा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून डोंगराचा दक्षिण उतार यांग. नदीचे म्हणाल तर तिचा उत्तर काठ यांग. लोयांग या प्राचीन चिनी राजधानीचे नाव ती लो नदीच्या उत्तर काठावर आहे म्हणून पडले. आता आमच्या शिरपूरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुडा, म्हणजे आम्ही त्याच्या दक्षिण अंगाला. दक्षिणेला सावळद्याच्या पुलाखालून वाहणारी तापी, म्हणजे आम्ही तिच्या उत्तर अंगाला. चिनी हिशेबाने गाव दोन्हीकडून यांग! मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या बसस्टँडवर उतरलेल्या पाहुण्याला हे शास्त्र वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

चिनी वैद्यकाची पहिली पायरी हीच. ऊन आणि सावली एकाच डोंगराची, आणि दिवसभर सरकणारी. भर दुपारी ऊन कडक असते तेव्हाच ते कलायला लागलेले असते. शरीराचेही तसेच. अंगात उष्मा वाढला की यांग चढले, हातपाय गार पडले की यिन चढले, आणि वैद्याचे काम तोल सावरण्याचे. यात आपल्या घरातल्या बायकांना परके वाटावे असे काही नाही. आले उष्ण, मूग थंड, हे आपल्या आजीने सांगितले तसेच चिनी आजीनेही सांगितले आहे. उन्हाळ्यात चिनी घरांतून मुगाचे कढण पितात.

बँकेत मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. वैद्यकाशी संबंध आला तो कर्मचाऱ्यांच्या औषधांच्या बिलांवर सही करण्यापुरता. चिनी वैद्यकाची पुस्तके साठी उलटल्यावर हातात घेतली ती माझ्या थोरल्या बहिणीमुळे. अक्काचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांधे बदलायला सांगितले, ती घाबरली, आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून धुळ्याला एका ॲक्युपंक्चरवाल्याकडे जाऊ लागली. त्याने तिची दोन्ही मनगटे बराच वेळ धरून ठेवली, जीभ पाहिली, झोप कशी लागते, घाम कुठे येतो, तहान किती लागते, सगळे विचारले, आणि सांगितले, ‘‘तुमच्या किडनीतली ची कमी झाली आहे.’’ अक्का घरी आली ती चिंता घेऊन. ‘‘अरे, सोनोग्राफीत तर किडनी चांगली आली होती. मग हे काय नवीन? तू एवढी पुस्तके लिहितोस, हे जरा बघून सांग.’’

तेव्हा आधी ‘ची’ म्हणजे काय ते पाहू. या शब्दाच्या जुन्या चिनी अक्षरात वर वाफेची खूण आहे आणि खाली तांदळाची. शिजत्या भातावरची वाफ म्हणा ना. अन्नातून निघालेली, डोळ्यांना धड न दिसणारी, पण झाकण उडवण्याइतकी ताकद असलेली. आपल्याकडे ‘प्राण’ म्हणतात त्याच्या जवळपासचे हे काहीतरी. ही ची अंगभर ठरलेल्या वाटांनी फिरते आणि ती नीट फिरत असेल तर माणूस निरोगी, अशी दुसरी पायरी. दुखणे म्हणजे कुठेतरी अडलेला प्रवाह, ही समजूत चिनी वैद्यांच्या रोजच्या बोलण्यातली आहे.

आता किडनी. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास ‘हुआंगदी नैजिंग’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पीत सम्राट प्रश्न विचारतो आणि छी बो नावाचा जाणता उत्तरे देतो. आपल्या चरकसंहितेत आत्रेय आणि अग्निवेश बोलतात तसेच. त्यात शरीराचे वर्णन एखाद्या राज्याच्या कारभारासारखे येते. हृदय हा राजा. फुप्फुस मंत्री. यकृत सेनापती. प्लीहा आणि जठर यांच्याकडे धान्याची कोठारे. मूत्राशयाकडे पाण्याच्या साठ्याचा प्रांत. आणि ‘तीन चुली’ अशा अर्थाच्या नावाचे एक खाते आहे, त्याच्याकडे पाटबंधारे! गंमत म्हणजे या शेवटच्या खात्याला नाव आहे पण आकार नाही, असे पुढच्या चिनी ग्रंथकारांनीच लिहून ठेवले. सरकारी कचेऱ्यांत हेलपाटे घातलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

सांगायचे असे की चिनी वैद्य ‘किडनी’ म्हणतो तेव्हा तो सोनोग्राफीतल्या अवयवाविषयी बोलत नसतो. तो एका खात्याविषयी बोलत असतो. त्या खात्याकडे हाडे, कंबर, गुडघे, केस, कानांनी ऐकू येणे आणि जन्माबरोबर मिळालेली मूळ पुंजी. ही पुंजी वयाबरोबर खर्च होत जाते. म्हणजे सत्तरीच्या बाईला ‘किडनीची ची कमी झाली’ असे सांगणे म्हणजे ‘वय झाले’ हेच जरा सौजन्याने सांगणे. अक्काला हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि त्या माणसाची फी जरा जास्त वाटू लागली.

हे राज्यकारभाराचे रूपक आले कुठून? पॉल उन्शुल्ड या जर्मन अभ्यासकाने चिनी वैद्यकाच्या इतिहासावर आयुष्य घातले. त्यांचे म्हणणे असे की इ. स. पूर्व २२१ मध्ये छिन राजवटीने सारा चीन एका छत्राखाली आणला. रस्ते, कालवे, धान्याची वाहतूक, कोठारे यांचे जाळे उभे राहिले. आणि ते जाळे डोळ्यांपुढे असलेल्या पिढ्यांनी शरीराकडेही त्याच नजरेने पाहिले. मला हे मनोमन पटते. सिचुआन प्रांतात मिन नदीचे पाणी धरण न बांधता दोन फाट्यांत विभागणारी तुच्यांगयेन ही योजना इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातली, आणि ती आजही शेते भिजवते. असे काम पाहिलेल्या माणसाला देहात पाट दिसले तर काय चुकले? नैजिंगच्या एका प्रकरणात शरीरातल्या बारा वाहिन्यांची जोडी चीनमधल्या बारा जलप्रवाहांशी चक्क नावानिशी लावली आहे.

आणि सुया टोचायच्या जागांची नावे! अशा पारंपरिक जागा ३६१ धरतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातली जागा म्हणजे ‘मिळती दरी’. कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकाला ‘वाकडे तळे’. तळपायाच्या खोलगट भागात ‘उसळता झरा’. बोटांच्या टोकांपासून कोपराकडे जाताना जागांची एक चढती मालिका आहे: टोकाला विहीर, मग झरा, मग ओहोळ, मग नदी, आणि कोपराशी समुद्राला मिळणे. हे वाचताना मला आपली पांझरा आठवली. साक्री-धुळ्याकडच्या वाचकांना फड पद्धत सांगायला नको. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटावर फड, आणि कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी जाईल ते पाहणारा पाटकरी. शेकडो वर्षे शेतकऱ्यांनी आपापसांत चालवलेली व्यवस्था ती. पाटकऱ्याला दोनच भिती. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचले नाही तर पीक सुकते, आणि एकाच ठिकाणी तुंबून राहिले तर जमीन चिबड होते. चिनी निदानाची तिसरी पायरी अगदी हीच आहे. दुखणे रितेपणाचे की तुंबल्याचे, हे आधी ठरवायचे. रिते असेल तर भरायचे, तुंबले असेल तर वाट मोकळी करायची. चुकून उलटे केलेत तर पीक गेले.

पंचमहाभूतांचा विषय निघाला की आपले लोक लगेच ‘त्यांचे आणि आपले एकच’ म्हणून मोकळे होतात. तसे ते नाही. त्यांची पाच म्हणजे लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. वायू नाही, आकाश नाही. शिवाय त्यांच्या शब्दात ‘चालणे’ हा अर्थ आहे, म्हणून ही पाच द्रव्ये कमी आणि पाच अवस्था जास्त. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, असे ते चक्र फिरते. यकृताला लाकूड, हृदयाला अग्नी, मूत्रपिंडाला पाणी. सुबक आहे, पण मला स्वतःला हा भाग फार ओढूनताणून बसवलेला वाटतो. जगातली प्रत्येक गोष्ट पाचात बसवायचीच असे ठरवले की ती बसतेच. पंचांग बनवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे.

नाडीचे मात्र साम्य खरे. ते मनगटावर तीन बोटे ठेवतात, आपले वैद्यही तीन ठेवतात. आपल्या बोटांखाली वात-पित्त-कफ, त्यांच्या बोटांखाली दोन्ही मनगटांवर मिळून सगळी खाती. सुईची परीक्षाही कडक होती. इ. स. १०२७च्या सुमारास सुंग राजवटीत वांग वेई-यी या राजवैद्याने माणसाएवढे काशाचे पुतळे ओतून घेतले आणि त्यांवर सुईच्या जागांना भोके ठेवली. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण चढवून आत पाणी भरत, आणि विद्यार्थ्याची सुई नेमकी जागी गेली तरच पाणी बाहेर येई, असे सांगतात. इथेही पाणीच.

या विद्येशी मराठी माणसाचे नाव जोडले गेले आहे ते मात्र वेगळ्याच वाटेने. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तिथेच राहिले, बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले, मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी वारले. (या नावातला ‘यिन’ सावलीचा नव्हे. तो हिंदुस्थानचा, आणि ‘हुआ’ चीनचा.) शांतारामबापूंचा १९४६ सालचा चित्रपट जुन्या वाचकांना आठवत असेल. कोटणीस शस्त्रवैद्य होते, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले, त्यांनी चीनला दिले ते आधुनिक शस्त्रक्रियेचे कौशल्य. त्यांच्याच तुकडीतले कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते भारतात आणले. मित्राच्या स्मरणार्थ कोटणीसांचे नाव या चळवळीला लागले. आज लुधियान्यात त्यांच्या नावाचे ॲक्युपंक्चरचे रुग्णालय आहे. नश्तर चालवणाऱ्या माणसाचे नाव सुईला मिळाले!

‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे पाटीवरचे वाक्यही जरा बेतानेच घ्यावे. १९७३ मध्ये मावांगत्वे येथील थडग्यातून इ. स. पूर्व १६८ पूर्वीच्या रेशमी पोथ्या निघाल्या. त्यांत वाहिन्या बाराऐवजी अकरा आहेत, डाग देण्याचे उपचार आहेत, पण सुया टोचायच्या जागांचा पत्ता नाही. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानेच राजवैद्यांच्या विद्यालयातून सुया हद्दपार केल्या. माओच्या काळात, १९५०च्या दशकात, डॉक्टर थोडे आणि जनता अफाट म्हणून हे सारे पुन्हा जमवून, गाळून, पाठ्यपुस्तकांत बसवले गेले. आज आपल्यापुढे येते ती ही आवृत्ती.

इथवर सारे वाचायला रम्य. पण अक्काला बरे वाटू लागल्याची बातमी गल्लीत पसरली आणि ती आमच्या बँकेतल्या एका निवृत्त रोखपालांच्या कानावर गेली. यांना पंधरा वर्षांचा मधुमेह. धुळ्यापर्यंत जाण्याऐवजी ते एका मंगल कार्यालयात भरलेल्या शिबिरात गेले. तिथल्या गृहस्थांनी नाडी पाहून सांगितले की पाण्याचा मार्ग अडला आहे, सुयांनी मोकळा होईल, गोळ्या हळूहळू सोडा. रोखपालांनी हळूहळू नव्हे, दुसऱ्याच आठवड्यात सोडल्या. महिन्या-दीड महिन्यात ते मला आनंदाने सांगत आले, ‘‘तळपायांची आग पार थांबली हो!’’ प्रवाह मोकळा झाला की दुखणे थांबते, या हिशेबाने ही बरे होण्याची खूण. पण मधुमेहात पायाची आग थांबते ती पुष्कळदा तिथल्या मज्जातंतूंनी बातमी देणे बंद केले म्हणून. चप्पलेचा खिळा दोन दिवस टोचत होता तो त्यांना कळलाच नाही. चौथ्या महिन्यात धुळ्याला त्यांच्या डाव्या पायाचे एक बोट काढावे लागले. त्या शिबिरवाल्याचे नाव लिहून काही साधणार नाही. तसा माणूस कोणत्याही तालुक्याच्या मंगल कार्यालयात भेटतो.

मग अक्काचे बरे वाटणे खोटे का? तेही नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रोग्यांवर केलेली एक मोठी चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन गट केले. एकाला चिनी नकाशाप्रमाणे सुया, दुसऱ्याला नकाशाबाहेरच्या जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीची औषधे आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या सुमारे ४८ टक्क्यांना चांगला उतार पडला होता, दुसऱ्यातल्या ४४ टक्क्यांना, आणि तिसऱ्यातल्या अवघ्या २७ टक्क्यांना. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. सुया टोचून घेणाऱ्यांना फायदा झाला हे उघड आहे. पण बंधारा नकाशाप्रमाणे बांधा की कुठेही बांधा, विहिरींना पाणी जवळजवळ सारखेच आले. मग नकाशाचे काय राहिले?

आमच्या तालुक्यात २००४ पासून सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करून साखळी बंधारे बांधले गेले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. त्यावर उलटसुलट मतेही आहेत, आणि ती मांडता येतात, कारण विहिरीत दोर सोडून पाणी मोजता येते. चीच्या वाहिन्या शरीर फाडून कोणाला सापडलेल्या नाहीत. तिथे दोर सोडायचा तर अशा चाचण्यांतूनच. आणि माझ्या मते सुईबरोबर आणखीही काही काम करत असावे. अक्काला तिथे अर्धा तास शांत पडून राहायला मिळते, कोणीतरी मनगट धरून झोपेची चौकशी करते. गेल्या दहा वर्षांत तिची झोप कशी आहे हे तिला कोणत्याच दवाखान्यात विचारले नव्हते. मी आकडे वाचून दाखवले तेव्हा ती अहिराणीत म्हणाली, ‘‘माले बरं वाटस ना भाऊ, मंग झायं ते.’’

जुन्या पोथीत दोर सोडून पाणी काढले ते तू यूयू या बाईंनी. २३ मे १९६७ रोजी चीन सरकारने मलेरियावर औषध शोधण्याची गुप्त मोहीम काढली. तारखेवरून तिचे नाव ‘५२३’. तू यूयूंच्या पथकाने शेकडो जुने पाठ तपासले. दवण्याच्या गोत्रातली एक वनस्पती उंदरांवर कधी चाले, कधी न चाले. चौथ्या शतकातल्या गे हुंग या वैद्याच्या पोथीत ती पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितले होते. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. उष्णतेने गुण जात असेल, हे बाईंच्या लक्षात आले. १९७१ मध्ये त्यांनी कमी तपमानाला ईथरने अर्क काढला, मग आधी स्वतः घेऊन पाहिला, आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये नोबेल मिळाले. आज आपल्या सरकारी दवाखान्यांत फाल्सिपेरम मलेरियावर जी औषधांची जोडी देतात, तिच्यात याच घराण्याचे औषध असते. पावसाळ्यानंतर सातपुड्याच्या पाड्यांवर तापाने फणफणलेल्या पोराला वाचवणारी गोळी त्या पोथीतून आली. पण यिन-यांग तिच्या कामी आले नाहीत, उंदीर आणि ईथर आले.

उलटही घडले आहे. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनौषधींत ॲरिस्टोलोकिया कुळातली मुळी मिसळली गेली आणि शंभरावर बायकांची मूत्रपिंडे निकामी झाली. आपल्याकडची ईश्वरी त्याच कुळातली आहे. ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो’ असे म्हणणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे.

नैजिंगमध्ये एक दाखला आहे, तो वाचून मी पुस्तक खाली ठेवून हसलो. रोग झाल्यावर औषध शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. अगदी आपल्याच म्हणीतला! विहिरी खणणाऱ्या दोन मुलुखांना एकच उपमा सुचावी यात नवल नाही.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषद आहे. बँकेची सवय जात नाही, म्हणून अक्काबरोबर धुळ्याला गेलो तेव्हा मी आधी भिंतीवरचा नोंदणी क्रमांक उतरवून घेतला. सुयांचे पाकीट तिच्यासमोर फोडले जाते की नाही तेही पाहिले. त्या माणसाने स्वतःहून विचारले, ‘‘बी. पी.ची गोळी चालू आहे ना? ती सोडू नका.’’ तेव्हा मला तो बरा वाटला. गुडघे बदलण्याची तारीख अक्काने अजून ठरवलेली नाही, पण एक्स-रे मात्र पिशवीतून बाहेर काढून टेबलावर ठेवला आहे.

रोखपाल आता रोज रात्री हातआरसा जमिनीवर ठेवून तळवे बघतात, आणि त्यांना नीट दिसले नाही तर वहिनी बघतात. परवा मी गेलो तेव्हा पायाला नवे मऊ बूट होते. तळव्याच्या मध्यावरच्या जागेला चिनी नकाशात ‘उसळता झरा’ म्हणतात, हे मी सांगितले. त्यांनी आरसा जरा तिरपा केला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘वा! नाव चांगले आहे. पण टाचेजवळ ही भेग आहे का हो? जरा बघा बरं.’’